पक्क्या रंगालाही ऊन लागतं

बेंगळुरूच्या जुन्या पेटेत, म्हणजे चिकपेट, नगरथपेट, अव्हेन्यू रोड या भागात, मराठी कानावर पडली तर नवल वाटायचं कारण नाही. १६३८च्या सुमारास शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागिरी आली आणि तेव्हापासून मराठी माणसाचा इथला राबता तुटलेला नाही. भावसार, नामदेव शिंपी अशा कापडाशी नातं असलेल्या समाजांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. खानापूर-विटा, आटपाडीकडून आलेले गलाईवाले याच गल्ल्यांत सोनं-चांदी गाळतात. पुढच्या संवादातले मामा आणि भाची ही दोघं कल्पनेतली आहेत, त्यांचा वाद मात्र घरोघरी चालतो. मामांचं चिकपेटेत रेशमी आणि सुती कापडाचं घाऊक दुकान आहे. भाची पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. एप्रिल महिना, सकाळचे साडेअकरा, गादीवर दोघंच.

मामा : ये, बस. तुझ्याशी भांडायचंच होतं. तू फोनवर मामीच्या डोक्यात काय भरवलंस कोण जाणे, घरात चार-पाचशे रुपयांची सनस्क्रीनची ट्यूब आली. बेंगळुरूत! अगं, ऊन म्हणजे विट्याचं. चाळीसच्या वर पारा, डांबर वितळतं. इथे भर एप्रिलात चौतीस-पस्तीस, संध्याकाळी वळवाची सर. इथे कसलं आलंय ऊन?

भाची : मामा, तुम्ही ऊन थर्मामीटरवर मोजताय. अंगाला चटका बसतो तो उष्णतेचा. कातडी काळवंडते, भाजते ती अतिनील किरणांनी आणि ते किरण अंगाला जाणवतच नाहीत. बेंगळुरू विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर आहे आणि समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर. हजार मीटर चढलं की हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हवा थंड लागते, म्हणून इथली माणसं भर दुपारी बिनधास्त फिरतात. विट्यात निदान चटका तरी माणसाला झाडाखाली ढकलतो.

मामा : म्हणजे थंड हवेत ऊन जास्त लागतं? हे तुझं काहीतरीच.

भाची : थंड हवेमुळे जास्त लागत नाही, पण तिच्यामुळे आपण उन्हात जास्त वेळ थांबतो. अतिनील किरणांचा एक निर्देशांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो तीनला पोचला की अंग झाकायला हवं आणि अकराला पोचला की तो अतितीव्र. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दुपारी बेंगळुरूत तो अकराला पोचतो. पातळ ढग असले तरी बरेचसे किरण खाली येतातच. आभाळ आलंय म्हणून ऊन नाही, हा हिशेब चुकीचा.

मामा : आता हा निर्देशांक बघायला मोबाईल काढायचा? आमच्या हमालाने काय करायचं?

भाची : त्याने सावली बघावी. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक. मोबाईल नको, काही नको. तुमच्या इथे २४ एप्रिलच्या आसपास आणि १८ ऑगस्टच्या आसपास दुपारी सव्वाबारा-साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो.

मामा : ते ठाऊक आहे. शून्य सावली दिवस. नेहरू तारांगणात पोरं काठ्या, बाटल्या उभ्या करून बघतात.

भाची : पोरांना ती गंमत वाटते, कातडीसाठी मात्र ती सूचना आहे. त्या दिवसांत साधारण सव्वानऊपासून दुपारी सव्वातीनपर्यंत सावली आखूडच असते. आणि इथे डिसेंबरातसुद्धा साडेदहा ते दोन ती तुमच्या उंचीपेक्षा कमीच भरते. युरोपात हिवाळ्यात सुटका असते. आपल्याकडे पूर्ण सुटका कुठल्याच महिन्यात नाही.

मामा : बरं, मानलं. पण आपली कातडी या उन्हासाठीच घडलेली आहे ना? माझे आजोबा डोक्यावर गठ्ठा घेऊन गावोगाव फिरले. नव्वदीपर्यंत जगले. कातडीचा कर्करोग त्यांना झाला नाही, त्यांच्या ओळखीत कुणाला झाला नाही. हा गोऱ्यांचा आजार. त्यांची भीती घेऊन तुम्ही आमच्या घरात ट्यूब विकता.

भाची : तुमचं अर्धं म्हणणं मी सही करून मान्य करते. भारतात एकूण कर्करोगांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण फार कमी आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे अंगभूत संरक्षण आहे. आपल्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर तो बरेचदा तळपायाला, नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. रोज सनस्क्रीन लावल्याने मेलॅनोमा कमी होतो हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मोठ्या चाचणीत दिसलं, पण ती माणसं गोरी. तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकपेटेत आणून टाकणं बरोबर नाही, हे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगेल.

मामा : मग संपलं की भांडण!

भाची : अर्धंच संपलं. कर्करोग सोडूनही ऊन बरंच काही करतं. मला सांगा, ही शोकेसमधली पैठणी तुम्ही किती दिवस तिथे ठेवता?

मामा : आठवडा. फार तर दहा दिवस. मग घडी बदलतो, नाहीतर साडीच बदलतो. घडीवर रंग उडाला तर गिऱ्हाईक हात लावत नाही. गडद जांभळा, राणी, मोरपंखी, सगळ्यात आधी हेच जातात. रंग पक्का असला तरी ऊन खातोच. प्रयोगशाळेत उन्हातला रंगाचा टिकाऊपणा मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात. एक म्हणजे लगेच उडणारा, आठ म्हणजे टिकाऊ. चांगल्या मिलचा माल घेताना आम्ही तेही विचारतो.

भाची : शोकेसला तर काच आहे. मग रंग कसा उडतो?

मामा : काचेतून ऊन येतंच की.

भाची : तेच म्हणते. अतिनील किरण मुख्यतः दोन जातींचे, यूव्हीबी आणि यूव्हीए. साधी काच यूव्हीबीला अडवते, यूव्हीएचा बराच भाग मात्र आत सोडते. तुमची गादी काचेला लागून, उजव्या हाताला. रोज सकाळी दोन-तीन तास त्या हातावर ऊन. जरा दोन्ही हात शेजारी ठेवा बरं.

मामा : हं. उजवा जरा रापलाय. डागही आहेत. वय झालं, दुसरं काय.

भाची : दोन्ही हातांचं वय एकच आहे ना? २०१२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं मालाची गाडी चालवली. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून काचेतून येणारं ऊन डाव्या गालावर. उजवी बाजू वयाला साजेशी, डावी बाजू जाड, सुरकुतलेली, कितीतरी म्हातारी दिसणारी. तुम्ही शोकेसमधली साडी दहा दिवसांनी हलवता आणि स्वतःला तीस वर्षं त्याच जागी बसवून ठेवता.

मामा : पण काचेतून का होईना, ऊन मिळतं ना? ड जीवनसत्त्व तरी मिळत असेल. परवाच तपासणीत मामीचं कमी निघालं. तुम्हीच सांगता उन्हात बसा, तुम्हीच सांगता उन्हात जाऊ नका.

भाची : ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीने, आणि यूव्हीबी काचेच्या बाहेरच राहते. गादीवर बसून तुम्हाला मिळते ती यूव्हीए. तुमच्या भाषेत, तोटा पुरा आणि नफा शून्य.

मामा : आणि सकाळचं कोवळं ऊन? तान्ह्या बाळाला आपण सातच्या उन्हात घालतो.

भाची : बाळाला ऊब मिळते, छान वाटतं. पण सात वाजता सूर्य इतका खाली असतो की यूव्हीबी जवळजवळ नसतेच. ड जीवनसत्त्वाचं ऊन आणि कातडीला बाधणारं ऊन बऱ्याच अंशी एकाच वेळचं असतं. अडचण तीच आहे. पुण्यातल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रोजच्या कामकाजात तासाभराहून जास्त ऊन अंगावर आलं, तरच रक्तातलं ड जीवनसत्त्व पुरेशा पातळीवर राहतं. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून माझा सल्ला असा की हातपाय उन्हात असू द्या, चेहरा झाका. चेहरा म्हणजे शरीराचा छोटासा तुकडा. ड जीवनसत्त्वासाठी तो भाजून घ्यायची गरज नाही. आणि मामीचं फारच कमी असेल तर गोळी आहे, पण ती डॉक्टरला विचारून, मापात.

मामा : म्हणजे ऊन वाईट नाही.

भाची : मुळीच नाही. ऊन औषधासारखं आहे, मात्रा चुकली की बाधतं. आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना? तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे का बघा. त्या औषधाने काही जणांची कातडी उन्हाला जास्त हुळहुळी होते. डॉक्सिसायक्लिनचंही तसंच. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरला विचारायचं.

मामा : हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

भाची : आपल्या घरगुती उपायांचीही तीच गत. टॅन जावा म्हणून तोंडाला लिंबू चोळतात आणि तसंच उन्हात जातात. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात, फोड येतात, मग महिनोन् महिने काळे डाग राहतात. कोडासाठी लोक बावची लावतात. बावचीत सोरालेन असतं. ते उन्हासोबतच काम करतं, म्हणून डॉक्टर ते मोजून मापून वापरतात. घरी लावून गच्चीवर बसलेले रुग्ण भाजलेल्या अवस्थेत येतात.

मामा : आता माझी खरी तक्रार ऐक. या सनस्क्रीनच्या नावाखाली तुम्ही गोरेपणच विकता. मी १९७५ पासून बघतोय. फेअर अँड लव्हली आली, टीव्हीवर काळी मुलगी रडकी, गोरी झाली की नोकरी. २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. आता सनस्क्रीन, डी-टॅन, टॅन रिमूव्हल. डबा बदलला, आतला माल तोच. आमच्या मुलीला पार्लरवाली सांगते, तुमच्या हाताला खूप टॅन आहे. अगं, टॅन नाही, तो तिचा रंग आहे! तिच्या आज्जीचा रंग आहे.

भाची : इथे मी तुमच्या बाजूला उभी आहे, मामा. उन्हाने आलेला काळवटपणा आणि जन्माचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाच्या आतल्या बाजूला जो रंग दिसतो, तो तुमचा. त्याच्याखाली कुठलंही क्रीम नेऊ शकत नाही आणि न्यायला जाऊही नये. कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो. उन्हात जाणं कमी केलं की काळवटपणा महिन्या-दोन महिन्यांत आपोआप उतरतो. पार्लरमध्ये ब्लीच करतात तेव्हा तोंडावरची लव पिवळट होते, म्हणून चेहरा उजळ भासतो. निसर्गाच्या कामाचं बिल पार्लर लावतं.

मामा : हे छापून लाव भिंतीवर.

भाची : आणि पार्लरपेक्षा मोठा धोका औषधाच्या दुकानात आहे. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली मलमं लोक गोरेपणासाठी महिनोन् महिने लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लालसर होते, केस उगवतात, मुरमं फुटतात आणि ऊन जरासुद्धा सोसवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ती काउंटरवर मिळतात. अकोल्यात तर एकाच घरातल्या तिघींना किडनीचा आजार झाला. तपासात त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. मुंबईच्या केईएममध्ये ते उघड झालं.

मामा : पारा? तोंडाला?

भाची : पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून रंग उतरतो. त्याबरोबर किडनीही उतरते. म्हणून मी रुग्णांना सांगते, ट्यूबवर गोरेपणाचं वचन दिसलं की ती परत ठेवा. सनस्क्रीनचं काम किरण अडवणं एवढंच आहे.

मामा : मग मामीला कशाला लागते?

भाची : मामीच्या गालांवर वांग आहे. बाळंतपणानंतर आला, जात नाही, उन्हाळ्यात गडद होतो. वांगासाठी ऊन म्हणजे आगीत तेल. नुसते अतिनील किरणच नाही, आपल्या रंगाच्या कातडीत डोळ्याला दिसणारा प्रकाशसुद्धा वांग वाढवतो. म्हणून तिला मी लोह-ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन सांगितलंय. तुमच्या ट्यूबच्या चार-पाचशे रुपयांना इथे खरं कारण आहे.

मामा : किती दिवस पुरते?

भाची : चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर घ्यायचं, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते.

मामा : तीन आठवडे! आणि लोकांच्या घरी एक ट्यूब वर्षभर चालते.

भाची : म्हणून तिचा उपयोग होत नाही. एसपीएफचा आकडा त्या पुरेशा थरावर मोजलेला असतो. एसपीएफ १५ असेल तर यूव्हीबीचा पंधरावा भाग आत जातो, ३० असेल तर तिसावा, ५० असेल तर पन्नासावा. म्हणजे सुमारे ७ टक्के, ३ टक्के, २ टक्के.

मामा : तीस आणि पन्नासमध्ये फरक एका टक्क्याचा? आणि किंमत?

भाची : दुकानदाराने बरोबर पकडलं. पन्नासचं पातळ लावण्यापेक्षा तीसचं भरपूर लावलेलं बरं. डब्यावर यूव्हीएसाठी पीए आणि अधिकची चिन्हं असतात, तीही बघायची. घाम आला, तोंड पुसलं की पुन्हा लावायचं, नाहीतर दर दोन तासांनी.

मामा : ते आमच्या हमालाला सांग. पाठीवर साठ किलोचा गठ्ठा, कपाळावरून घाम निथळतोय आणि हा दर दोन तासांनी ट्यूब काढणार. रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिक बाया, चौकात उभा ट्रॅफिक पोलीस, डिलिव्हरीची पोरं. ऊन सगळ्यात जास्त त्यांना लागतं आणि तुझं सनस्क्रीन त्यांच्यासाठी नाही. ते एसी गाडीतून येणाऱ्यांसाठी आहे.

भाची : आता तुम्ही माझ्या मनातलं बोललात. त्यांच्यासाठी उपाय तुमच्याच दुकानात आहे. कापड.

मामा : हां! आता आलीस आमच्या गल्लीत.

भाची : कापडालाही असा आकडा असतो, यूपीएफ म्हणतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये त्याचं मानक काढलं. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ सातच्या आसपास, ओला झाला की तीनवर येतो. डेनिमसारख्या घट्ट विणीतून जवळजवळ काहीच आत येत नाही. आता तुम्ही सांगा, कुठलं कापड घ्यावं?

मामा : हे मला विचारतेस? कापड उजेडासमोर धर. पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसला तर वीण विरळ. उभे-आडवे धागे दाट हवेत. मलमल घालून उन्हात जाऊ नये. रंगीत कापड पांढऱ्यापेक्षा बरं, कारण रंगच प्रकाश खातो. आणि अंगाला ताणून बसणारं नको. ताणलं की भोकं मोठी होतात.

भाची : सगळं बरोबर. ब्लीच न केलेला, मळकट पांढरा सुती कपडा ब्लीच करून शुभ्र केलेल्यापेक्षा जास्त किरण अडवतो, कारण कापसातली मूळची द्रव्यं त्यात शिल्लक असतात. पॉलिएस्टरही बरं अडवतं, पण घाम अडकतो. म्हणून विट्याच्या चाळीस अंशांत दाट विणीचा सैल सुती सदरा, बेंगळुरूत जरा जाड चालेल.

मामा : आपल्या लोकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते करत होते. शेतकऱ्याचं मुंडासं, बायांच्या डोक्यावरचा पदर. ऊसतोडीच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात. पाचट लागू नये आणि ऊनही लागू नये.

भाची : तो शर्ट मला कुठल्याही ट्यूबपेक्षा आवडतो. धुतला की पुन्हा घालता येतो, दर दोन तासांनी लावावा लागत नाही आणि त्याच्यावर कुणी गोरेपणाची जाहिरात करत नाही. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात. लोक त्यांना दरोडेखोर म्हणून हसतात, मी हसत नाही. फक्त एक सांगते, स्कार्फ जॉर्जेटचा असेल तर तो धुळीपुरताच.

मामा : आणि रुंद काठाची टोपी. आपल्याकडची क्रिकेटची टोपी नाकाला सावली देते, कानाला आणि मानेला नाही. मेलबर्नला आपला पोरगा आहे ना, नातवाच्या शाळेत नियमच आहे, टोपी नाही तर खेळायला सोडत नाहीत.

भाची : ऑस्ट्रेलियाने १९८१ पासून शर्ट, सनस्क्रीन आणि टोपी यांची मोहीम चालवली. लक्षात घ्या, त्यात शर्ट पहिला होता. नातू सावळा असला तरी तिथल्या उन्हाला हा नियम योग्यच आहे.

मामा : एक राहिलंच. आमची धाकटी पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर गोव्याला चाललीय. ती मामीच्या आणि तुझ्याही उलटी. तिला टॅन हवाय. खोबरेल लावून कळंगुटच्या वाळूवर पडणार. म्हणते, रोज थोडं थोडं केलं की सुरक्षित असतं. आई म्हणते गोरी हो, मुलगी म्हणते सावळी होते. माझं डोकं फिरतं.

भाची : तिला सावळं व्हावंसं वाटतं याचा मला आनंदच आहे. पण टॅन येतो कसा ते तिला सांगा. किरणांनी पेशीच्या आतल्या गुणसूत्रांना इजा होते, तेव्हा पेशी धोक्याची घंटा वाजवते आणि मेलॅनिन तयार होतं. दोन-तीन दिवसांनी रंग चढतो. म्हणजे रंग दिसतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. आधी थोडा टॅन करून घेतला की पुढे ऊन लागत नाही, असं म्हणतात. त्या टॅनचं संरक्षण एसपीएफ तीन-चारच्या वर जात नाही. खोबरेलावर तर भिस्त ठेवूच नका.

मामा : मग सुरक्षित टॅन?

भाची : उन्हाने येणारा नाही. परदेशात टॅनिंगची यंत्रं असतात, आपल्या मराठी मुली तिकडे शिकायला गेल्या की कुतूहलाने जातात. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या यंत्रांना कर्करोगकारक गटात, तंबाखूच्या रांगेत बसवलं. ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली, ऑस्ट्रेलियानेही पुढे व्यवसायावर बंदी आणली. रंगच हवा असेल तर वरच्या मृत थराला रंगवणारी लोशनं मिळतात. काही दिवसांत उतरतात. पण त्यांनी ऊन अडत नाही, तेव्हा वरून सनस्क्रीन लावायचंच. आणि वाळू हे किरण परत फेकते, तेव्हा छत्रीखाली बसली तरी खालून लागतं.

मामा : तिला हे मी सांगणार नाही, तूच सांग. माझं ऐकत नाही. पण एक कबूल करतो. मी समजत होतो की सनस्क्रीन म्हणजे गोरेपणाचा धंदा. अर्धा आहे, अर्धा नाही.

भाची : आणि मी एक कबूल करते. आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर आधी ट्यूब लिहितो, शर्ट आणि टोपी लिहितच नाही. उद्यापासून आधी कापड लिहीन.

मामा : लिही. चिकपेटेत माल भरपूर आहे.

या दोघांचं भांडण कुणी जिंकलं असं म्हणता येणार नाही, पण त्यातून क्रम ठरला. आधी वेळ पाहा. सावली उंचीपेक्षा आखूड असताना बाहेरचं काम पुढे-मागे करता येत असेल तर करा. मग सावली शोधा, मग दाट विणीचं कापड आणि रुंद काठाची टोपी. सनस्क्रीन त्यानंतर, जिथे कापड पोचत नाही तिथे. ज्यांनी सनस्क्रीन टाळूच नये अशीही काही माणसं आहेत: वांग असलेली, कोड असलेली, जन्मतः वर्णहीन असलेली, ल्युपसचे रुग्ण आणि उन्हाला हुळहुळं करणारी औषधं घेणारी. त्यांच्यासाठी सनस्क्रीन औषधाइतकंच गरजेचं आहे आणि ते त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावं.

हमाल, पौरकार्मिक, ट्रॅफिक पोलीस यांच्यासाठी ट्यूबची जाहिरात निरर्थक आहे. त्यांना लांब बाह्यांचा गणवेश, रुंद टोपी आणि भर दुपारी सावलीतली विश्रांती हवी. ती देणं मालकाच्या आणि महापालिकेच्या हातात आहे आणि त्याची मागणी करणं आपल्या. बाकी आपण आपल्या घरापुरतं एवढं पाळलं तरी पुरे: ट्यूबवर गोरेपणाचा उल्लेख दिसला, मग तो उजळपणा म्हणून असो की टॅन घालवणारी म्हणून, ती विकत घेऊ नका. चिठ्ठीशिवाय मिळणारं स्टेरॉइडचं मलम तर हातातही धरू नका.

रंग पालटण्याचा सोस, मग तो गोरं होण्याचा असो की सावळं होण्याचा, कातडीला महागच पडतो.